ठोका चुकतो, पण कुठून?

पार्श्वभूमी

“क्षणभर सगळं थांबतं आणि मग आतून कोणीतरी ढुशी मारतं.” पहिल्या भेटीत रुग्णबाईंनी तक्रार याच शब्दांत सांगितली. वय ४३. बीपी नाही, साखर नाही, घरात कोणी अचानक गेलेलं नाही, स्वतः कधी चक्कर येऊन पडल्या नव्हत्या. धडधड आठ महिन्यांपासून होती. गेल्या दोन महिन्यांत जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तिथून आमच्याकडे, हृदयाच्या ठोक्यांचे बिघाड पाहणाऱ्यांकडे, आल्या. (ओळख पटू नये म्हणून वय आणि काही तपशील बदलले आहेत.)

ती ढुशी म्हणजे जादा ठोका, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. जादा ठोका वेळेआधी पडतो, तेव्हा हृदय अर्धवटच भरलेलं असतं; म्हणून तो फुसका जातो आणि मनगटावर लागतही नाही. त्यानंतर जरा मोठी विश्रांती मिळते, तेवढ्यात हृदय तुडुंब भरतं आणि पुढचा नेहमीचाच ठोका दणकून बसतो. ठोका चुकला असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो आधीच पडून गेलेला असतो.

२४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात, १,०४,००० ठोके मोजले गेले. त्यांतले २७,००० जादा, म्हणजे शंभरात २६. सगळे खालच्या कप्प्यांतून आलेले आणि दिसायला अगदी एकसारखे. इकोमध्ये हृदयाची पंपिंगची ताकद, म्हणजे ईएफ, ४५ टक्के होती, नेहमीपेक्षा कमी. एमआरआयमध्ये स्नायूवर कुठेही व्रण नव्हता.

या तीन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. सगळे ठोके एकाच साच्यातले, म्हणजे उगम एकच. व्रण नाही, म्हणजे मूळ आजार स्नायूचा नसावा. जादा ठोक्यांचं प्रमाण मात्र इतकं की त्यांच्यामुळेच हृदय थकलं असण्याची दाट शक्यता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ टक्क्यांची रेषा पुढे आली होती: त्यावर गेलेल्यांमध्ये हृदय कमजोर झालेलं जास्त आढळलं. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. दहा टक्क्यांवरही कोणाचं हृदय थकतं आणि तीस टक्के घेऊन कोणी वर्षानुवर्षं ठणठणीत फिरतं. पण २६ टक्के आणि ईएफ ४५ हे दोन्ही एकाच फाईलमध्ये असताना नुसती वाट पाहणं मला पटणारं नव्हतं.

अडचण

पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक वाक्य होतं: ‘जादा ठोके उजव्या बाजूचे, आरव्हीओटीमधून, अ‍ॅब्लेशनसाठी पाठवत आहे.’ अ‍ॅब्लेशन म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी, कॅथेटर, आत नेऊन ठोक्याचा उगम जाळणं. आरव्हीओटी म्हणजे उजव्या खालच्या कप्प्यातून रक्त फुप्फुसांकडे निघतं ती वाट. निरोगी हृदयातल्या जादा ठोक्यांचा हा सगळ्यात नेहमीचा पत्ता. सोबत ईसीजी होता आणि वरवर पाहता त्यावरून हेच म्हणता येत होतं.

हे वाचन कसं होतं ते थोडक्यात सांगतो. विजेची लाट त्वचेवरच्या इलेक्ट्रोडच्या दिशेने आली की कागदावर रेघ वर जाते, दूर गेली की खाली. ईसीजीच्या बारा लीड म्हणजे हृदयाकडे पाहायचे बारा कोन. आमच्या रुग्णाच्या जादा ठोक्यात लीड २, लीड ३ आणि एव्हीएफ या पायाकडून पाहणाऱ्या तिन्ही लीडमध्ये रेघ उंच वर जात होती. खांद्यांकडून पाहणाऱ्या एव्हीआर आणि एव्हीएलमध्ये ती खाली होती. म्हणजे लाट वरून निघून सरळ खाली उतरतेय. खालच्या कप्प्यांच्या अगदी वरच्या टोकाला दोनच वाटा आहेत: उजवीकडची फुप्फुसांकडे जाणारी आणि डावीकडची महारोहिणीकडे (अ‍ॅऑर्टाकडे) जाणारी. प्रश्न एवढाच की दोहोंपैकी कोणती.

इथे नावं फसवतात. उजवी वाट उजवीकडे नसते. ती डाव्या वाटेच्या पुढून वळसा घेऊन वर जाते आणि पल्मनरी झडपेपाशी पोहोचेपर्यंत अ‍ॅऑर्टिक झडपेच्याही डावीकडे गेलेली असते. हृदयाचं चित्र समोर धरल्याशिवाय नव्या विद्यार्थ्याला हे पटत नाही. ईसीजीच्या दृष्टीने कामाचा फरक डावा-उजवा नसून पुढचा-मागचा आहे. उजवी वाट छातीच्या हाडाला लागून, सगळ्यात पुढे. तिथून निघालेली लाट पुढच्या इलेक्ट्रोडपासून दूर जाते, म्हणून छातीवरच्या व्ही १, व्ही २, व्ही ३ या लीडमध्ये रेघ बराच वेळ खालीच राहते. डावी वाट मागे, म्हणून तिथली लाट काही अंशी पुढे येते आणि व्ही १-व्ही २ मध्येच रेघ वर डोकावू लागते.

खालची रेघ मागे पडून वरची रेघ ज्या लीडमध्ये पहिल्यांदा मोठी होते, त्याला आम्ही ट्रान्झिशन म्हणतो. ट्रान्झिशन व्ही ४ किंवा पुढे असेल तर उजवी वाट, व्ही १-व्ही २ मध्ये असेल तर डावी. व्ही ३ मध्ये असेल तर डोकेदुखी, कारण मधल्या पडद्यापाशी या दोन वाटांच्या भिंती एकमेकींना चिकटून असतात.

चिठ्ठीसोबतच्या ईसीजीत ट्रान्झिशन व्ही ४ मध्ये होतं, म्हणजे उजवी वाट. मीही ती पट्टी पाहिली, मान डोलावली आणि तारीख दिली. संमतीपत्रावर लिहिलं: मांडीच्या शिरेतून, उजव्या बाजूचं अ‍ॅब्लेशन.

पर्याय

त्याआधी अ‍ॅब्लेशन करायचं की नाही हे ठरायचं होतं. हृदयाचा वेग आवरणारा बीटा ब्लॉकर सहा आठवडे दिला होता. प्रमाण २६ वरून २२ टक्क्यांवर आलं आणि अंगातला उत्साह मात्र पार गेला. फ्लेकेनाइड असे ठोके चांगले दाबतं, पण ईएफ घसरलेली असताना ते सुरू करायला हात कचरतो. एमआरआय स्वच्छ असला तरी कचरतोच. अमिओडॅरोन चाललं असतं, पण ४३ व्या वर्षी थायरॉइड आणि फुप्फुसांवर नजर ठेवत पुढची कित्येक वर्षं ते घेत राहायचं, हे त्यांनाच नको होतं. “गोळी घेऊन थकायचं आणि न घेताही थकायचं, तर मग मुळावरच घाव घाला,” असं त्या म्हणाल्या. एकच उगम, निरोगी स्नायू आणि थकलेलं हृदय, अशा वेळी मीही तोच सल्ला दिला असता. या निर्णयाबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

शंका दुसऱ्या ठिकाणी यायला हवी होती आणि ती मला आली नाही, टेक्निशियनला आली. दाखल झाल्याच्या संध्याकाळी ती जुनी पट्टी घेऊन आली. “सर, हिचे व्ही वन-व्ही टू जागेपेक्षा वर लावलेत. व्ही टूमधली पी बघा.”

मी पाहिलं. जादा ठोके सोडून नेहमीच्या ठोक्यांकडे. पी लाट म्हणजे मोठ्या रेघेआधीची, वरच्या कप्प्यांची छोटी लाट. व्ही १ मधली पी पूर्ण उलटी होती, व्ही २ मधली अर्धी वर आणि अर्धी खाली. व्ही १ मध्ये मोठ्या रेघेच्या शेवटी एक छोटं टोक पुन्हा वर आलं होतं. जागेवर लावलेल्या व्ही २ मध्ये पी सहसा सरळ वर असते. ती खाली झुकते तेव्हा पहिला संशय इलेक्ट्रोडच्या जागेचा घ्यावा, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतो. जादा ठोक्यांच्या नादात नेहमीचे ठोके वाचायचेच राहून गेले होते.

व्ही १ ते व्ही ६ यांच्या जागा १९३८ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवल्या. व्ही १ आणि व्ही २ छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. ती फट शोधायला बोट गळ्याखालच्या खळगीत ठेवून खाली सरकवायचं. चार-पाच सेंटिमीटरवर हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी, तिथून आणखी दोन फटी मोजत उतरायचं. सगळ्याला दहा सेकंद लागतात. घाईत, किंवा कपडे फार सरकवायला नकोत म्हणून, अंदाजाने चिकटवलेले स्टिकर हमखास एक-दोन फटी वर जातात. व्ही ३ हा व्ही २ आणि व्ही ४ यांच्या मध्ये लावायचा असल्यामुळे व्ही २ वर गेला की तोही वर सरकतो.

आता हे आपल्या ठोक्याला लावून पाहू. लाट वरून खाली उतरतेय. तिच्याकडे पाहणारा इलेक्ट्रोड आणखी वर नेला तर ती त्याच्यापासून अधिकच दूर जाताना दिसणार, वरची रेघ खुजी होणार आणि ट्रान्झिशन पुढे ढकललं जाणार. डावीकडचा ठोका उजवीकडचा वाटू लागेल. स्टिकर खाली घसरले तर नेमकं उलट.

संध्याकाळी साडेसात वाजता टेक्निशियनने बोटाने फटी मोजून नवा ईसीजी काढला. पी लाटा सरळ झाल्या, व्ही १ मधलं शेवटचं टोक नाहीसं झालं आणि जादा ठोक्याचं ट्रान्झिशन व्ही ३ वर आलं. म्हणजे डोकेदुखीच्या घरात.

व्ही ३ साठी २०११ साली सुचवलेलं एक गणित आहे. व्ही २ मध्ये वरच्या रेघेची उंची घ्यायची आणि तिला वरच्या व खालच्या रेघांच्या बेरजेने भागायचं. हे जादा ठोक्यासाठी करायचं, नेहमीच्या ठोक्यासाठी करायचं, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. ०.६० किंवा अधिक आलं तर डावी वाट. नव्या पट्टीत जादा ठोक्याची वरची रेघ ४ मिलिमीटर, खालची १६, म्हणजे ०.२०. नेहमीच्या ठोक्यात ३ आणि ९, म्हणजे ०.२५. भागाकार ०.८०. मग उत्सुकतेपोटी जुन्या पट्टीवर तेच केलं: १.५ आणि १८.५, तर नेहमीच्या ठोक्यात २ आणि १०. उत्तर ०.४५. त्याच बाई, तेच हृदय, तोच ठोका. एक उत्तर डावीकडचं, दुसरं उजवीकडचं.

नेहमीच्या ठोक्याने भागलं की इलेक्ट्रोडची चूक आपोआप वजा होते, अशी माझी समजूत होती. इथे ती झाली नाही. कारण असं असावं, की जादा ठोक्याची लाट जवळजवळ उभी उतरत होती आणि नेहमीच्या ठोक्याची तिरपी. इलेक्ट्रोड वर सरकल्याचा फटका उभ्या लाटेला जास्त बसला.

नव्या पट्टीने आणखी एक गोष्ट दाखवली. जादा ठोक्यात व्ही १ ची रेघ खाली उतरताना मध्येच खाचली होती, जिना उतरताना पायरीवर पाय अडखळावा तशी. ट्रान्झिशन व्ही ३ मध्ये आणि व्ही १ च्या उतारावर अशी खाच, ही जोडी अ‍ॅऑर्टिक झडपेच्या उजव्या आणि डाव्या पाकळीच्या सांध्याकडे बोट दाखवते. उगम हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तर नाही ना, हेही तपासलं. ठोक्याच्या सुरुवातीपासून छातीवरच्या लीडमधल्या सर्वांत मोठ्या टोकापर्यंत ६४ मिलिसेकंद, ठोक्याची एकूण रुंदी १४०, भागाकार ०.४६. तो ०.५५ किंवा त्यावर गेला तर बाहेरचा संशय घेतात. तो मुद्दा तिथेच संपला.

काय केलं

रात्री त्यांच्याशी पुन्हा बोललो. सोपं नव्हतं. सकाळी ज्यांना “शिरेतून जाऊ, धोका कमी” असं सांगितलं, त्यांनाच रात्री “कदाचित रोहिणीतूनही जावं लागेल” असं सांगायचं होतं. डाव्या बाजूला गेलं की गुठळी मेंदूकडे जाण्याचा थोडा धोका येतो. अ‍ॅऑर्टिक झडपेच्या पाकळ्यांमागूनच हृदयाला रक्त देणाऱ्या रोहिण्या निघतात, त्यामुळे त्यांना इजा होण्याचाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “म्हणजे आधी चूक झाली होती?” मी हो म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला आणि दोन्ही बाजूंच्या संमतीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची यावर आमच्यात दोन मतं होती. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, थेट डावीकडे जाऊ, ईसीजी पुरेसं बोलतोय. मी म्हणालो, उजवीकडे आधी पाहू. तिथे पोहोचणं सोपं, धोका कमी, आणि मधला पडदा दोन्हीकडून तपासून होईल. मॅपिंग, म्हणजे उगम शोधायला आतून नकाशा काढणं, उजवीकडून सुरू करण्याचा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. त्यानंतर मी जे केलं ते नाही.

कॅथेटरच्या टोकाशी येणारा सिग्नल ईसीजीवरच्या जादा ठोक्याच्या किती आधी उमटतो, यावरून उगम किती जवळ आहे ते कळतं. चांगल्या जागी तो सहसा २० ते ३० मिलिसेकंद किंवा त्याहून आधी येतो. उजव्या वाटेच्या मागच्या भिंतीवर, पडद्यापाशी, सर्वांत आधीचा सिग्नल १८ मिलिसेकंदांवर मिळाला. तोही एका ठिपक्यावर नाही. आजूबाजूच्या बऱ्याच भागात १५ ते १८ च्या दरम्यान पसरलेला. उगम खरोखर तिथे असता तर एक बिंदू ठळकपणे पुढे असता. पसरट नकाशाचा अर्थ बहुतेक वेळा असा की लाट पलीकडून येतेय आणि या भिंतीवर एकदमच उमटतेय.

मग तिथून कृत्रिम ठोके देऊन त्यांचा साचा जादा ठोक्याशी जुळतो का ते पाहिलं. बारापैकी अकरा लीड जुळल्या आणि मी त्या अकराच्या मोहात पडलो. दोन वाटा एवढ्या जवळ असताना शेजारच्या भिंतीवरूनही साचा जवळपास जुळतो, हे माहीत असूनही. न जुळलेली बारावी लीड होती व्ही १, आणि न जुळण्याचं कारण तीच खाच.

उजवीकडे तीन वेळा जाळलं. दर वेळी जादा ठोके थांबले, दोन-चार मिनिटं मॉनिटर स्वच्छ राहिला आणि ते परतले. तिसऱ्यांदा परतले तेव्हा सहकाऱ्याने काही न बोलता रोहिणीत घालायचं शीथ, म्हणजे कॅथेटर आत न्यायची नळी, उघडायला सांगितलं.

गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देऊन महारोहिणीतून खाली उतरलो. उजव्या-डाव्या पाकळ्यांच्या सांध्यापाशी, झडपेच्या अगदी खाली, सिग्नल ३२ मिलिसेकंद आधी आला आणि एका बोटभर जागेतच आला. जाळण्याआधी अँजिओग्राफी करून डाव्या मुख्य रोहिणीचं तोंड कॅथेटरपासून किती लांब आहे ते मोजलं. १२ मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या आत आम्ही जाळत नाही. ऊर्जा सुरू केल्यावर सहाव्या सेकंदाला जादा ठोके गेले. एक मिनिट पूर्ण केलं, शेजारी एकदा आणखी जाळलं, मग ठोक्यांना उचकवणारं आयसोप्रीनलिन देऊन ३० मिनिटं वाट पाहिली. एकही जादा ठोका आला नाही.

निकाल

मांडीत थोडं रक्त साकळलं, आठवड्यात विरलं. बीटा ब्लॉकर महिन्याभरात बंद केला. तीन महिन्यांनंतरच्या होल्टरमध्ये जादा ठोके एका टक्क्याहून कमी होते. सहा महिन्यांनी ईएफ ५६ टक्के. हृदय थकल्यामुळे जादा ठोके येत होते की जादा ठोक्यांमुळे हृदय थकलं होतं, याचं उत्तर त्या आकड्यात मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

उजवीकडचे तीन घाव टाळता आले असते. १८ मिलिसेकंद, पसरट नकाशा आणि न जुळणारी व्ही १, एवढं हातात असताना पहिला घावही घ्यायला नको होता. फार तर एक. “ठोके थोडा वेळ थांबले” याला मी यश मानत गेलो. पलीकडून आलेली उष्णता उगमाला तात्पुरती सुन्न करते एवढाच त्याचा अर्थ होता. त्या तीन घावांनी पडदा दुसऱ्या बाजूने थोडा मऊ करून ठेवला आणि म्हणून डावीकडे सहा सेकंदांत काम झालं, असं सहकारी म्हणतो. असेलही. ते आता वेगळं काढता येणार नाही.

ईसीजी चुकीचा काढणाऱ्याला मी फार दोष देत नाही. धडधडीचं निदान करायला ती पट्टी पुरेशी होती. उगमाचा पत्ता शोधायला नव्हती. दोष माझ्याकडे आहे: दुसऱ्या कामासाठी काढलेल्या पट्टीवर मी नकाशा आखला. चिठ्ठीतलं ‘उजव्या बाजूचे’ हे वाक्य आधी वाचलं आणि पट्टी नंतर पाहिली, याचाही वाटा होता.

थेट टेबलवरचा ईसीजी घेतला असता तर हे सुटलं असतं का? बहुधा नाही. तिथे छातीवर डिफिब्रिलेटरचे पॅड असतात, पाठीपोटावर मॅपिंगचे पॅच असतात आणि व्ही १-व्ही २ ना उरेल ती जागा मिळते. म्हणून आता दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा ईसीजी आदल्या संध्याकाळी, पॅच लागण्याआधी, फटी मोजून काढतो. जादा ठोके कमी असतील तर ते पट्टीवर सापडेपर्यंत थांबतो. स्टिकरच्या जागी त्वचेवर पेनाने खूण करतो, म्हणजे सकाळी पॅच लावणाऱ्याला ती जागा मोकळी ठेवता येते. या दोन वाटांचे ठोके असतील तर संमती सुरुवातीपासूनच दोन्ही बाजूंची घेतो.

जुनी पट्टी त्यांच्या फाईलमध्ये अजून आहे. व्ही २ मधल्या त्या झुकलेल्या पी लाटेभोवती टेक्निशियनने त्या संध्याकाळी पेन्सिलने गोल काढला होता. नवीन विद्यार्थी आले की ती पट्टी त्यांच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, ठोका कुठला? बहुतेक जण सरळ जादा ठोक्यांकडे वळतात.